रोज संकष्टी

गेल्या महिन्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती, पंखा फिरत होता, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा फिरतो म्हणजे गरम हवा इकडची तिकडे होते एवढंच, आणि समोर एक आज्जी बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काय आहे ते त्यांना सांगता येत नव्हतं पण सोडतही नव्हत्या. मी न्यूरॉलॉजिस्ट, मेंदूची डॉक्टर, माझ्याकडे मेडिसिनचा एक रेसिडेंट शिकायला बसतो, तो कागद पुढे घेऊन एकेक प्रश्न विचारत होता. आज्जी, आज तारीख किती? आज्जींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तारीख काय करायचीय बाळा, आज संकष्टी हाय." त्यानं शून्य लिहिलं. माझी नजर सहज भिंतीवरच्या कालनिर्णयकडे गेली तर खरंच संकष्टी होती. मी म्हटलं, अरे गुण दे की, बरोबर आहे त्यांचं. तो गोंधळला, म्हणाला, मॅडम पण आपण तारीख विचारली होती. मग मी त्याला दोन मिनिटं लेक्चर दिलं, की ज्या बाईनं आयुष्यभर तारखेकडे कधी बघितलंच नाही, तिचा महिना एकादशी-चतुर्थीवर चालतो, तिला तू तारीख कशी विचारतोस वगैरे, आणि तोही मान डोलवत होता, आणि मी मनातल्या मनात बरीच खूष होते. तेवढ्यात सून शांतपणे म्हणाली, "मॅडम, आत्या रोजच संकष्टी म्हणत्यात बगा. काल बी म्हणल्या, परवा बी म्हणल्या. शाबूदाणा भिजव म्हणून सकाळधरनं मागं लागत्यात."

रेसिडेंटनं माझ्याकडे बघितलं. आता काय लिहू?

त्या एका गुणाचं काय करायचं हा प्रश्न तसा फालतू आहे. नियमानं बघितलं तर शून्य. निदान त्या एका गुणानं बदलणार नव्हतं, पुढे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले ते पाच मिनिटांनी तिन्ही गेले होते, नुसते शब्द नाही तर शब्द दिले होते हेही गेलं होतं. पण ते डोक्यातून जाईना. कारण आमचा सगळा धंदाच त्या एका चौकटीवर उभा आहे. दुसरे डॉक्टर रक्तदाब मोजतात, साखर मोजतात, मी प्रश्न विचारते आणि उत्तरांना गुण देते, शाळामास्तरणीसारखी, आणि समोर बसलेला माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा, कधी रिटायर्ड हेडमास्तर, तो घाम पुसत माझ्या परीक्षेला बसलेला असतो.

ही जी विस्मरणाची तीस गुणांची परीक्षा सगळीकडे घेतात ती १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन नवरा-बायको आणि मॅकह्यू यांनी तयार केली. शंभरातून सात वजा करत जा, एक इंग्रजी शब्द उलटा स्पेल करा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. आता हे अक्कलकोट तालुक्यातल्या कधी शाळेत न गेलेल्या माणसाला विचारलं तर तो पहिल्या दिवसापासून नापास. हे काही मी शोधून काढलेलं नाही, नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला भारत-अमेरिका मिळून विस्मरणाच्या आजाराचा एक मोठा अभ्यास झाला तेव्हा मेरी गांगुली आणि त्यांच्या लोकांना हीच अडचण आली, आणि त्यांनी हिंदीत वेगळी परीक्षा बनवली. तीत 'डोळे मिटा' असं वाचायला देण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा, असं आहे. शब्द उलटा करण्याऐवजी वार उलटे म्हणायचे. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, त्या लोकांनी आधी खेड्यातल्या माणसाचा दिवस कसा जातो ते बघितलं असणार. माझ्याकडे एक भाजीवाल्या मावशी आल्या होत्या, शंभरातून सात वजा करता करता त्र्याण्णवलाच अडकल्या, हसायला लागल्या. मी म्हटलं बरं मावशी, अर्धा किलो गवार घेतली, साठ रुपये किलोनं, आणि एक जुडी मेथी पंधराची, मी शंभराची नोट दिली, किती परत? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पंचावन्न म्हणाल्या, वर "पण मॅडम, साठनं कुठं मिळतीय गवार?" त्यांना काही झालेलं नव्हतं. नवरा गेल्यापासून झोप नव्हती, खाणं नव्हतं, लक्ष कशातच लागत नव्हतं, आणि त्याला घरचे विसरभोळेपणा म्हणत होते.

आणि हो, घड्याळ. घड्याळ काढायला सांगतो आम्ही, गोल काढा, आकडे भरा, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. अकरा-दहाच का, तर त्यात एक सापळा आहे. दहा मिनिटं म्हणजे मोठा काटा दोनवर जायला हवा, पण 'दहा' ऐकलं की आजारी मेंदू सरळ दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. माझ्याकडे ही घड्याळं एका फायलीत साठलीत. काहींचे बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला कोंबलेले, काहींचे गोलाच्या बाहेर पडलेले, एका बँकेतल्या साहेबांनी गोल काढून आत नीट अक्षरात लिहिलं होतं, 'अकरा दहा', आणि खाली सही केली होती.

मी या शाखेत आले कशी हे लोक विचारतात. एमबीबीएस, एमडी, डीएम, म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत परीक्षाच. न्यूरॉलॉजीत सगळ्यांना आवडतो तो स्ट्रोक. साडेचार तासांच्या आत पेशंट पोचला, सीटी झाला, इंजेक्शन गेलं, आणि वाकडं तोंड घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं कप धरून चहा पितोय, याच्यासारखी नशा नाही. मीपण त्याच नशेत होते. पण आमचे एक सर होते, आठवड्यातून एक दुपार ते विस्मरणाच्या पेशंटसाठी ठेवायचे, आणि त्या दुपारी कुणी बसायला तयार नसायचं कारण एकेका पेशंटला तास लागतो आणि तासाच्या शेवटी करायचं फार काही नसतं. माझी ड्यूटी लागली म्हणून मी बसले, एवढंच कारण. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, तू पेशंटचं उत्तर ऐकू नकोस, मान बघ. प्रश्न विचारल्यावर मान कुणाकडे वळते ते बघ. आणि खरंच, किती मुलं हो तुम्हाला, असं विचारलं की ते काका हसायचे आणि हळूच मान बायकोकडे वळवायचे, आता तू सांग, अशी. साधीशी गोष्ट, पण ती एकदा दिसायला लागली की लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, सगळीकडे दिसते, आणि नको तिथेही दिसते. माझ्या एका मावसकाकांची मान मी एका मुंजीत बघितली होती. जिलबी वाढत होते. कुणाला बोलले नाही तेव्हा.

दुसरी एक गोष्ट सरांकडून शिकले. जो माणूस एकटा येतो, रिक्षा करून, फाईल हातात, आणि म्हणतो डॉक्टर मला हल्ली फार विसरायला होतं, गेल्या मंगळवारी चष्मा विसरलो, बुधवारी गॅस, त्याची फार काळजी करायची नाही बहुतेक वेळा. ज्याला घरचे घेऊन येतात आणि जो म्हणतो मला काय धाड भरलीय, यांनाच दाखवा, त्याची करायची.

आमच्या ओपीडीत पेढे येत नाहीत.

म्हणजे अगदीच येत नाहीत असं नाही. सोलापुरात मागावर आयुष्य काढलेली माणसं आहेत, यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं उभं राहिलेली, त्यातले कितीतरी जण 'बाबा काही सांगितलं तरी लक्षात ठेवत नाहीत' म्हणून येतात आणि बाबांना मुळात ऐकूच आलेलं नसतं. कानाचं यंत्र लागलं की निम्मा आजार जातो. आणि बहिरेपणा हा नुसता गैरसमजाचा विषय नाही, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू जात राहण्याच्या आजाराचा, धोका वाढवणारी पण आपल्या हातात असलेली १४ कारणं मांडली त्यात ऐकू न येणं आहे, ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, एकटेपणा, कमी शिक्षण यांच्या जोडीला, आणि ही सगळी सांभाळली तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. बी-ट्वेल्व्ह कमी असतं, आपल्याकडे शाकाहारी घरात तर हमखास. थायरॉईड असतं. वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी असते, जी कुणी सुरू केली हे कुणालाच आठवत नाही. आणि एक आजोबा तर न्हाणीघरात घसरले होते, डोक्याला टेंगूळ आलं, बसलं, सगळे विसरले, आणि तीन आठवड्यांनी आजोबा चहात मीठ घालायला लागले. सीटीत कवटी आणि मेंदूच्या मधे रक्ताचा थर. सर्जननं भोकं पाडून तो काढला, आणि आजोबा दहा दिवसांनी स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले, वर हिशोब मागितला एमआरआय कशाला काढला म्हणून, सीटीत दिसत होतं ना. असे लोक शोधण्यासाठीच ती सगळी रक्ताची तपासणी आणि स्कॅन असतं, लोकांना वाटतं डॉक्टर उगाच खर्च करायला लावतात. पण असे पेशंट थोडे. बाकीचे येतात, एक-एक पायरी खाली उतरत राहतात, आणि आपण त्यांना उतरताना बघतो.

डीएमच्या शेवटच्या वर्षी मी आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरचं पहिल्यांदा वाचलं, डिमेन्शियाच्या ज्या प्रकाराला त्याचं नाव आहे त्याबद्दल नाही, त्यानं स्वतः लिहिलेल्या नोंदी. नाव सगळ्यांना माहीत असतं, माणूस कुणालाच नाही. १९०१ चा नोव्हेंबर, फ्रँकफर्टचं वेड्यांचं इस्पितळ, ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर नावाची बाई, रेल्वेत कारकून असलेल्या नवऱ्यानं आणलेली. अल्झायमर तेव्हा सदतीसचा, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याची बायको गेलेली, घरी तीन मुलं. तर हा माणूस त्या बाईसमोर बसतो आणि विचारतो, नाव काय? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? आउगुस्टे, मला वाटतं. तो तिला पेन्सिल दाखवतो, पेन, किल्ली, सिगार, ती सगळं ओळखते, आणि थोड्या वेळानं काय दाखवलं ते सांगू शकत नाही. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात असते, तो विचारतो काय खातेस, ती म्हणते पालक. मधेच ती म्हणते, मी स्वतःला हरवून बसलेय. मला त्यात जे थक्क करतं ते हे, की तो फक्त लिहितो. दुरुस्त करत नाही, अगं पालक नाही फ्लॉवर आहे असं म्हणत नाही. पुढे ती १९०६ च्या एप्रिलमध्ये गेली, तोवर तो म्युनिकला क्रेपेलिन या नामांकित मनोविकारतज्ज्ञाकडे गेला होता, पण तिचा मेंदू त्यानं मागवून घेतला, चांदीच्या रंगानं रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनला मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत सगळं मांडलं. एकानेही प्रश्न विचारला नाही. चार वर्षांनी क्रेपेलिननं आपल्या पुस्तकात त्या रोगाला अल्झायमरचं नाव दिलं. १९१५ च्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हा ५१ चा होता, आउगुस्टे पहिल्यांदा त्याच्या समोर बसली तेव्हा होती तेवढाच. आणि तिची ती फाईल, सगळ्या नोंदी आणि तिचे फोटो, गहाळ झाली होती ती १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये सापडली. विस्मरणाच्या पहिल्या पेशंटचीच फाईल नव्वद वर्षं कुणाच्या लक्षात नव्हती, यावर आम्ही न्यूरॉलॉजिस्ट लोक कॉन्फरन्समध्ये विनोद करतो, दुसरं काय करणार.

पण मला त्या फाईलमधली सगळ्यात ओळखीची गोष्ट वेगळीच वाटते. आउगुस्टेचा आजार विसरण्यानं सुरू झाला नव्हता, संशयानं झाला होता. नवऱ्याचं शेजारणीशी काहीतरी आहे म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. त्याबद्दल नंतर सांगते.

सोलापुरात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा वाटलं नव्हतं की भाषेचा इतका संबंध येईल. इथे एका बोळात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा चालतात, आणि चहाच्या टपरीवरचा पोरगा चारही बोलतो. पूर्वभागातल्या, विडीकामगारांच्या वस्तीतल्या एक अम्मा होत्या. मुलगा सांगायचा की अम्मा मराठी उत्तम बोलायची, माझ्या शाळेत येऊन मास्तरांशी भांडायची. आता मराठी हळूहळू गेली, फक्त तेलुगू उरली, आणि तीही लहानपणीची, गावाकडची, जी मुलालाही अर्धीच कळायची. मला तेलुगू येतं ते 'एला उन्नारू', म्हणजे कशा आहात, इतपत. तर अम्मा समोर बसलेल्या, प्रश्न सगळे वाया चाललेले, आणि माझ्या टेबलावर औषध कंपनीचा एक चौकोनी कागदांचा गठ्ठा होता, त्यातला एक कागद त्यांनी उचलला. दोन्ही कडा बघितल्या. कात्री नव्हती म्हणून नखानं कोपरा तिरपा फाडला, तळहातावर कागद पसरला, चिमटीत काहीच नसलेली तंबाखू घेऊन त्यावर सारखी केली, आणि अंगठ्यानं एका झटक्यात वळली. मग खालचं तोंड अंगठ्याच्या नखानं दाबून आत मुडपलं, आणि डाव्या हातानं दोरा ओढून गुंडाळल्यासारखं केलं, दोरा नव्हताच. ती विडी टेबलावर ठेवली आणि दुसरा कागद घेतला. पुढची दहा मिनिटं आम्ही कुणी काही बोललो नाही, टेबलावर एका मापाच्या विड्यांची रांग लागली, एकही सैल नाही. हाताची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते आणि ती उशिरा जाते, हे मी शंभर वेळा शिकवलंय, आकृती काढून. मुलगा म्हणाला, दिवसाला हजार वळायची मॅडम, त्यावर आम्ही चौघं शिकलो. त्या विड्या त्यानं खिशात घालून नेल्या.

२०१३ साली हैदराबादच्या निम्स या इस्पितळातून सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला असं दिसलं, आणि महत्त्वाचं म्हणजे शाळेत न गेलेल्यांमध्येही तो फरक होता. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत तेवढा स्पष्ट फरक दिसलेला नाही, त्यामुळे चार भाषा शिका आणि निर्धास्त व्हा असं मी कुणाला सांगत नाही. पण अम्मांच्या मुलाला मी तो अभ्यास सांगितला. त्यानं हिशोब केला आणि म्हणाला, म्हणजे आम्हाला साडेचार वर्षं जास्त मिळाली की. आकड्याचा असा अर्थ काढायचा नसतो, सरासरी एका माणसाला लावता येत नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

उलट एक आजोबा होते, जुने मुनीम, त्यांना औटकी पाठ होती. साडेतीनाचा पाढा, आताच्या पोरांना ऐकूनही माहीत नसेल. चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, असे सरसर जायचे, मी कॅल्क्युलेटरवर मागे पडायचे. आणि पाढा संपला की मुलाला विचारायचे, तुझी आई कुठाय, अजून आली नाही? आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा खरं बोलणारा, वारकरी घरचा, तो प्रत्येक वेळी सांगायचा की आई गेली, आणि आजोबा प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचे, दिवसातून चार-चार वेळा सुतक. मी म्हटलं नका सांगू. तो म्हणाला मॅडम, बापाशी खोटं बोलू? हा प्रश्न कुठल्या टेक्स्टबुकात नाही, आणि असला तरी उत्तर असं सरळ नाही. शेवटी त्याच्या बायकोनं मार्ग काढला, ती म्हणायची, "मामा, आईंना सांजच्याला काय भाजी करायची ते विचारायचं राहिलं बगा, त्यांना काय आवडायचं?" आणि आजोबा अर्धा तास बायकोच्या हातच्या हुलग्याच्या माडग्याबद्दल बोलायचे. यात खोटं काही नव्हतं. मी ही युक्ती आता सगळ्यांना सांगते, माझी म्हणून नाही.

औषधांचं विचाराल तर थोडक्यात सांगते कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. डोनेपेझिल १९९६ पासून आहे, काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, काहींना नुसते जुलाब होतात. आता नवीन सलाईनवाटे द्यायची औषधं आलीत, लेकानेमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली, तेव्हा माझा व्हॉट्सअॅप भरून गेला होता, प्रत्येकाला कुणीतरी फॉरवर्ड केलेलं. दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली हे खरं, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक अर्ध्या गुणापेक्षाही कमी होता, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का ते बघायला पुन्हापुन्हा एमआरआय. फक्त अगदी सुरुवातीच्या अवस्थेत चालतं, आणि आमच्याकडे लोक येतात कधी, तर आज्जी गॅस उघडा ठेवून देवळात गेल्या आणि शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा. मी त्या औषधांना नावं ठेवत नाही, शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या रोगाच्या मुळाशी हात घातलाय. पण एवढ्यात सांगोल्याच्या माणसाला मी त्यातलं काय देऊ शकते, हे विचारलं की गप्प बसते. २०२३ मध्ये आलेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीच्या पुढच्या भारतीयांत साधारण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा. त्यातल्या बहुतेकांना त्याचं नावही कुणी सांगितलेलं नाही.

आणि माझ्या मते खरं काम तिथं आहे. नाव सांगण्यात.

आता ती संशयाची गोष्ट. आउगुस्टेच्या नवऱ्याची शेजारीण आपल्याकडे सून असते. माझ्याकडे येणाऱ्या किती घरांत आजार कळायच्या आधी दोन-तीन वर्षं एक चोरी झालेली असते. पाटल्या गेल्या, मोहनमाळ गेली, पेन्शनचे पैसे गेले, आणि चोर ठरलेला असतो. आज्जी स्वतःच वस्तू जपून ठेवतात, तांदळाच्या डब्यात, गादीच्या खोळीत, ठेवलेलं विसरतात, आणि विसरले हे मेंदू कबूल करत नाही, मोकळी जागा दिसली की तिथं कुणाचा तरी हात बसवतो. जो सगळ्यात जवळ असतो, जेवू घालतो, न्हाऊ घालतो, त्याचाच. मग मुलगा आईची बाजू घेतो, कारण आई आयुष्यात खोटं बोललेली नाही, आणि सून रात्री स्वयंपाकघरात भांडी आपटते. घरात भिंत उभी राहते. हे सगळं झाल्यावर, फार उशिरा, आज्जी मूत्राला कुठं बसायचं ते विसरल्या की मग डॉक्टर.

एका घरात तर याला तिसरी बाजू होती. ननंद पुण्यात. ती रोज रात्री आईला फोन करायची, दहा मिनिटं, आणि आई फोनवर अगदी ठणठणीत. जेवलीस का, हो जेवले, मुलं कशी आहेत, अभ्यास करतात का, तब्येत सांभाळ. हे ठरलेलं बोलणं शेवटपर्यंत टिकतं, त्यासाठी नवीन काही लक्षात ठेवावं लागत नाही. तर ननंदेचं म्हणणं असं, की आईला काही झालेलं नाही, वहिनीला तिची सेवा करायची नाही म्हणून ही नाटकं, आणि पाटल्यांचं काय ते आधी सांगा. मुलगा मधल्या मधे. सून माझ्यासमोर बसली होती, काही मागायला आल्यासारखी, शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे सगळं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्याल का? मराठीत. सहीशिक्क्यासकट." डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट, सगळं होतं तिच्याकडे, पण ते इंग्रजीत, आणि त्यात तिच्याबद्दल काहीच नव्हतं. मी लिहायला बसले तर हात थांबला, कारण मराठीत पेशंटचं असं काही मी कधी लिहिलंच नव्हतं. श्रीमती अमुक यांना अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. या आजारात वस्तू ठेवल्याचे आठवत नाही व घरातील व्यक्तींवर चोरीचा संशय येतो. तो आजाराचा भाग आहे. त्यात रुग्णाचा दोष नाही. इथपर्यंत ठीक. मग मी आणखी एक ओळ लिहिली, ज्याला कुठल्या मेडिकल कौन्सिलचा आधार नाही, की संबंधित व्यक्तींनी चोरी केली आहे असे समजण्याचे कारण नाही. आणि शिक्का मारला. सुनेनं ते तिथंच तीनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये नाही, ब्लाउजमध्ये ठेवलं.

तेव्हापासून मी ते लिहून देते, मागो न मागो. रेसिडेंट हसतात. त्या संकष्टीच्या आज्जींच्या वेळीही दिलं, त्यांच्या घरात अजून चोरी झाली नव्हती, पण पिशवी घट्ट धरण्याची सुरुवात झालेली दिसत होती. आणि त्या दुपारी मला जाणवलं की सुनेनं 'रोजच म्हणत्यात' हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं आधीच ओळखलं होतं, माझ्या तीस गुणांच्या कितीतरी आधी, शाबूदाणा तिसऱ्यांदा भिजवायला लागला तेव्हाच. तिथं माझं काम फार थोडं होतं. गुणाचं काय झालं ते विचाराल तर रेसिडेंटनं चौकट रिकामी ठेवली, बेरीज त्याची त्यानं बघावी.

पत्रानं सगळीकडे काम होतं असं मात्र नाही. पुण्याच्या ननंदेनं ते पत्र व्हॉट्सअॅपवर वाचलं आणि मला फोन केला, वकिली आवाजात, की तुम्ही एका बाजूचं ऐकून असं कसं लिहिता. मी म्हटलं, ताई, तुम्ही या, आठ दिवस राहा, मग आपण बोलू. मला वाटलं येणार नाही. आली. चौथ्या दिवशी रात्री अकराला फोन, आवाज बसलेला. आई रात्रभर झोपत नाही, सारखी घरी जायचंय म्हणून कडी काढते, मला विचारते बाई तुम्ही कुणाच्या, आणि आज म्हणाली माझी अंगठी तुम्हीच घेतली. मी झोपेच्या वेळा, दिवसाचं ऊन, संध्याकाळी दिवे लवकर लावायचे, कडी वर बसवायची, असं सगळं सांगितलं, ती लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, वहिनी हे तीन वर्षं कसं करतेय हो? मी म्हटलं वहिनीलाच विचारा, शेजारीच असेल ना. "नाही हो, ती माहेरी गेलीय मंगळवेढ्याला. मीच पाठवलं काल. म्हटलं पंधरा दिवस यायचं नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, अंघोळीला आई अंगावर पाणी घेऊ देत नाही, त्याला वहिनी काय करते ते तुम्हाला काही बोलली होती का?